लहानपणी लाईट घेतलेल्यांनो, तुमचा तो कागद कुठे आहे?

उंबरठा

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

२००१ साली मी १२ वर्षांची होते तेव्हा मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, झाला होता. आधी मानेत गाठ दिसली, मग एक्सरेत कळलं की छातीतही मधोमध मोठी गाठ आहे. किमो झाली आणि नंतर मानेला आणि छातीला लाईट दिली. लाईट म्हणजे रेडिएशन, आमच्या वॉर्डात सगळे लाईटच म्हणायचे, काही आज्या शेक म्हणायच्या. मशीन रोज त्याच जागी लागावं म्हणून सुईने टोचून तीन निळे ठिपके केले होते, ते अजून आहेत. पाच वर्षं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तू आता पूर्ण बरी, परत यायची गरज नाही. आईने फाईल कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि आमच्या घरात तो विषय संपला.

गेल्या वर्षी मला सारखा थकवा यायला लागला, केस मुठीने गळायचे, सगळे पंखा लावून बसले असताना मी शाल घेऊन बसायचे. सहा महिने लोहाच्या गोळ्या, ब१२ची इंजेक्शनं आणि "ताण कमी करा" एवढंच चाललं होतं. मग एका तरुण डॉक्टरणीला तपासताना गळ्याखालचा ठिपका दिसला, तिने विचारलं हे काय आहे, मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. किती ग्रे (लाईटचा डोस ग्रेमध्ये मोजतात) दिले होते? कुठून कुठपर्यंत दिले होते? किमोतलं ते लाल औषध एकूण किती मिळालं होतं? तीन प्रश्न, आणि मला एकाचंही उत्तर देता येईना. ३५ वर्षांची बाई मी, आणि माझ्याच शरीरात काय गेलंय ते मला माहीत नाही.

टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, ३८ आलं, नेहमीपेक्षा खूपच जास्त. मानेला लाईट घेतलेल्यांची थायरॉईड अशी वर्षानुवर्षांनी मंदावते आणि दरवर्षी एक रक्ततपासणी केली असती तर केव्हाच कळलं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण मला हलवून टाकलं ते पुढच्या वाक्याने. ती म्हणाली, छातीवर १० ग्रे किंवा जास्त लाईट घेतलेल्या मुलींनी वयाच्या २५व्या वर्षापासून किंवा लाईट झाल्यावर ८ वर्षांनी, जे उशिरा येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राम आणि ब्रेस्टचा एमआरआय करायचा असतो, तुमचे किती झाले? माझा एकही झालेला नव्हता. दहा वर्षं गेली तशीच.

भीती घालायला लिहीत नाहीये. मला एवढंच विचारायचंय की इथे अजून कोणी आहे का ज्यांना लहानपणी लाईट दिली होती, आणि त्याचा कागद तुमच्याजवळ आहे का?

निळी वही

ताई, मी आहे. ब्लड कॅन्सर, एएलएल, १९९६, वय ५. डोक्याला १८ ग्रे. आकडा मला पाठ आहे कारण बाबांनी एका वहीत सगळं लिहून ठेवलं होतं, कुठली सलाईन किती वाजता लावली इथपर्यंत. त्या वहीने मला खूप वाचवलंय.

माझा त्रास दिसत नाही. शाळेत फळ्यावरचं मी निम्मं उतरवेपर्यंत बाई फळा पुसायच्या. उत्तर यायचं, पण बाकीच्यांचे हात खाली गेल्यावर. सगळ्यांना वाटायचं आळशी आहे, मलाही तसंच वाटायचं. दहावीनंतर एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी दोन दिवस चाचण्या घेतल्या आणि सांगितलं की बुद्धीत काहीही कमी नाही, माहिती पकडून पुढे सरकवायचा वेग कमी आहे आणि एका वेळी डोक्यात धरून ठेवायची जागा कमी आहे, आणि लहान वयात मेंदूला लाईट मिळालेल्यांमध्ये हेच सगळ्यात जास्त दिसतं. मेंदूतल्या ज्या पांढऱ्या तारांवरून निरोप जातात त्या तारांची वाढ मंदावते म्हणाल्या. मग परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला. तोच मी, तोच अभ्यास, आणि पेपर पूर्ण लिहून झाला. बाबा त्या दिवशी घरी येऊन नुसते बसून राहिले होते.

आता एएलएलच्या बहुतेक मुलांना डोक्याला लाईट देतच नाहीत. आधी २४ ग्रे द्यायचे, मग १८ वर आले, आणि नंतर पाठीच्या कण्यातून दिलेल्या किमोवरच भागतं असं दिसल्यावर बहुतेकांची लाईट बंदच झाली. मी मधल्या काळातला.

चिमणीची आई

मला हे वाचून हातपाय गार पडलेत. माझी मुलगी ४ वर्षांची आहे, विल्म्स ट्यूमर म्हणजे किडनीचा कॅन्सर, उजवी किडनी काढली, स्टेज ३ सांगितलंय. किमो चालू आहे आणि येत्या आठवड्यात पोटाला रेडिएशन सुरू करायचं म्हणतायत. काल रात्री घरात चर्चा झाली की गाठ तर काढलीये, मग रेडिएशन नको म्हणून सांगायचं का. आता तुमचं वाचलं आणि नकोच वाटायला लागलंय. प्लीज कोणीतरी खरं काय ते सांगा.

उंबरठा

अगं नाही नाही. चिमणीच्या आई, थांब, माझ्या लिहिण्याचा हा अर्थ घेऊ नकोस. मी जिवंत आहे ती त्या लाईटमुळे आणि किमोमुळे, माझ्या शेजारच्या पलंगावरच्या मुलीच्या घरच्यांनी उपचार मधेच सोडले होते, ती नाही राहिली. लाईट दिली ही माझी तक्रारच नाही, नंतर मला कोणी काही सांगितलं नाही ही आहे. तू नको म्हणू नकोस.

लिनॅकपाशी

मी रेडिओथेरपी विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे, १७ वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, मुलीबद्दलचा निर्णय तिच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, पण मशीनच्या बाजूने जे रोज बघतो ते सांगतो.

चिमणीच्या आई, पोटाच्या एका बाजूला, ज्याला आम्ही फ्लँक म्हणतो, विल्म्समध्ये बहुतेक वेळा १०.८ ग्रे देतात, १.८ ची ६ सिटिंग. उंबरठा ताईंच्या काळात किंवा त्याच्याही आधी मोठ्या माणसांना जे ३५-४० ग्रे छातीभर द्यायचे त्याच्याशी याची तुलना करू नका. स्टेज ३ म्हणजे पोटात मागे काहीतरी राहिलं असण्याची शक्यता आहे, म्हणून लाईट. ती टाळली आणि आजार परत आला तर तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त किमो आणि जास्त लाईट लागते, म्हणजे ज्याला घाबरून टाळलं तेच दुप्पट होऊन येतं.

आणि एक गोष्ट, मला स्वतःला ती फार महत्त्वाची वाटते. किडनी एका बाजूची असली तरी फील्ड, म्हणजे लाईट पडणारा भाग, आखताना मणक्याची पूर्ण रुंदी आत घेतात. आईवडील प्लॅन बघतात आणि विचारतात, अहो मणक्याला का देताय, तिथे तर गाठ नव्हती. कारण असं की वाढत्या हाडाला लाईट लागली की त्याची वाढ कमी होते. मणक्याचा अर्धाच भाग आत आला तर एक बाजू वाढते, दुसरी मागे राहते आणि पाठ वाकडी होते. पूर्ण मणका घेतला तर उंचीत थोडा फरक पडू शकतो पण पाठ सरळ राहायला मदत होते. हे पूर्वीच्या मुलांच्या वाकलेल्या पाठी बघून शिकलेलं आहे.

तुम्ही डॉक्टरांना एवढं नक्की विचारा की अंडाशय फील्डच्या किती बाहेर आहे आणि राहिलेल्या डाव्या किडनीला किती डोस जाणार आहे. हे प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात, लाजू नका. आणि पुढे कायम दरवर्षी तिचं बीपी आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, एकच किडनी आहे म्हणून.

कणाकणाने

आमचा मुलगा १६ वर्षांचा. मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ, ७ वर्षांचा असताना. मेंदू आणि पूर्ण पाठीच्या कण्याला २३.४ ग्रे, आणि गाठीच्या जागी वाढवून एकूण ५४. सिस्प्लॅटिन, म्हणजे कानांना त्रास देऊ शकणारं किमोचं औषध, पण होतं.

एक अनुभव मुद्दाम लिहितो कारण यात आमचं वर्ष गेलं. तो फार सुस्त झाला होता, शाळेतून आला की बुटासकट झोपायचा. आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी तीनदा टीएसएच केलं, तीनदा नॉर्मल. सगळे म्हणाले थायरॉईड नाही, एवढं झालंय पोराला तर थकणारच. शेवटी हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी फ्री टी४, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या हार्मोनची तपासणी, केलं तर ते बरंच खाली. त्यांनी समजावलं की टीएसएच हा मेंदूखालच्या पिट्युटरीने थायरॉईडला पाठवलेला निरोप असतो. उंबरठा ताईंची थायरॉईड ग्रंथीच मार खाल्लेली म्हणून पिट्युटरी ओरडून ओरडून निरोप पाठवत होती, आकडा ३८ झाला. आमच्या मुलाचा निरोप पाठवणाराच लाईटमध्ये आलेला, तो ओरडणार कुठून. म्हणून डोक्याला लाईट झालेली असेल तर नुसतं टीएसएच बघून गप्प बसू नका, फ्री टी४ सोबत करा. गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांत आमचा मुलगा परत भांडायला लागला.

वाढीचं म्हणाल तर, त्याच्या पँटी दरवर्षी आखूड व्हायच्या आणि शर्ट मात्र तेच चालायचे. बायको म्हणायची कपडेवाल्याने मापच चुकीचं दिलंय. कण्याला लाईट मिळाल्यामुळे धड कमी वाढतं आणि पाय वाढत राहतात, हे नंतर कळलं. आता आमच्याकडे उंची मोजताना बसल्यावरची उंची वेगळी मोजतात. ग्रोथ हार्मोनही कमी निघालं, १८ ग्रेच्या वर डोक्याला गेलं की त्यावर लक्ष ठेवावंच लागतं म्हणे. आजार संपून वर्षभर सगळे स्कॅन स्वच्छ आल्यावर इंजेक्शनं सुरू केली.

कानाचं पण लिहितो. त्याला बोललेलं ऐकू यायचं म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण स, श, त अशी बारीक अक्षरं गळायची, "सात" म्हटलं की त्याला "आ" एवढंच पोचायचं आणि बाकीचं तो अंदाजाने भरायचा. अंदाज चुकला की घरात चिडाचीड. श्रवणयंत्र लावल्यावर पहिल्या दिवशी म्हणाला, बाबा, कागद आवाज करतो.

सावली

कागद आवाज करतो... वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

मी पण हॉजकिन्सवाली, वय १४ ला छातीला लाईट. लग्नाला वर्ष झालंय, आता बाळाचा विचार चाललाय. दोन भीत्या आहेत, एक म्हणजे बाळात काही दोष येईल का आणि दुसरी माझं हृदय. कोणाला माहीत असेल तर सांगा, सासरी विचारता येत नाही.

लिनॅकपाशी

सावली ताई, पहिली भीती सोडून द्या. लहानपणी कॅन्सरचे उपचार घेतलेल्यांच्या हजारो मुलांवर अभ्यास झालेत, त्यांच्यात जन्मजात दोष वाढलेले दिसत नाहीत. गर्भाशयालाच लाईट लागली असेल तर बाळ लवकर येणं किंवा वजन कमी भरणं असं होऊ शकतं, पण तुमची छातीची होती.

दुसरी भीती मात्र खरी धरा आणि दिवस राहायच्या आधीच इको करून घ्या. हृदयाला लाईट आणि डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल औषध, दोन्ही मिळालं असेल तर धोका एकमेकांवर चढतो. लाईट रक्तवाहिन्या आणि झडपा खराब करते, लाल औषध स्नायू कमजोर करतं, आणि गरोदरपणात हृदयाला एरवीपेक्षा बरंच जास्त रक्त फिरवावं लागतं. इको चांगला आला तर निर्धास्त पुढे जा, फक्त तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सगळं आधी सांगा, लपवू नका. सासरी न सांगता एकवेळ चालेल, त्यांना न सांगून चालणार नाही.

निळी वही

लिनॅकपाशी, एक विचारू? परवा कुठेतरी वाचलं की छातीला लाईट घेतलेल्या ३० टक्के मुलींना ब्रेस्ट कॅन्सर होतो. हा आकडा खरा आहे का? उंबरठा ताई घाबरू नका, पण अर्धवट माहिती फिरते म्हणून विचारतोय.

लिनॅकपाशी

आकडा खरा आहे पण पूर्ण वाक्य असं आहे: चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी म्हणून अमेरिकेतला मोठा अभ्यास १९९४ पासून चालू आहे, त्यात १९७० ते १९८६ मध्ये आजार झालेली मुलं आधी घेतली होती आणि तुलनेसाठी त्यांचीच सख्खी भावंडं घेतली होती. त्यातल्या छातीला लाईट मिळालेल्या बायकांमध्ये वयाच्या पन्नाशीपर्यंत साधारण ३० टक्के जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला. बीआरसीए१ जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या बायकांच्या जवळपास जाणारा धोका आहे हा. पण तेव्हा फील्ड मोठं असायचं, दोन्ही काखांपासून छातीभर, आणि डोसही जास्त. आता सीटीवर प्लॅन करतात, फील्ड लहान, डोस कमी, काही मुलांची लाईट किमोला चांगला प्रतिसाद आला तर टाळताही येते. काही ठिकाणी प्रोटॉन वापरतात, तो किरण ठरलेल्या खोलीवर थांबतो, पलीकडच्या अवयवात जात नाही.

म्हणून मी परत परत आकडा आणि फील्ड म्हणतो. "मला लाईट दिली होती" याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. थायरॉईडचंच बघा, तिथल्या कॅन्सरचा धोका डोस वाढेल तसा वाढतो पण साधारण २० ते ३० ग्रेच्या दरम्यान सगळ्यात वर जाऊन पुढे उतरायला लागतो, कारण जास्त डोसमध्ये पेशी बिघडण्याऐवजी मरूनच जातात. म्हणजे कमी डोस मिळाला म्हणून प्रत्येक बाबतीत सुटलो असंही नाही.

चिमणीची आई

सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले. त्यांनी स्क्रीनवर तिचा सीटी उघडून रंगीत रेघा दाखवल्या, अंडाशय रेघांच्या बाहेर आहे, डावी किडनी पण बरीच बाहेर आहे. मणका खरंच पूर्ण आत घेतलाय, मी म्हटलं हे मला माहीत आहे, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. सोमवारपासून सुरू करतोय.

उंबरठा

सोमवारी आठवण काढीन गं.

माझी बातमी. आईच्या माळ्यावरची फाईल वाळवीने खाल्लेली निघाली, किमोची पानं थोडी वाचता येतात, लाईटचं काहीच नाही. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात गेले तर एवढ्या जुन्या फाईली ठेवत नाही म्हणाले. परत निघाले होते. मग लिनॅकपाशी यांनी मला व्यनित (खाजगी निरोपात) लिहिलेलं आठवलं, की रेडिओथेरपीची कार्डं बरेचदा त्या विभागात वेगळी ठेवलेली असतात, तिथे जाऊन विचारा. तळघरात गेले. एका मावशींनी नाव, वर्ष विचारलं आणि अर्ध्या तासाने एक पिवळं जाड कार्ड आणून दिलं.

मानेला आणि छातीच्या मधल्या भागाला २१ ग्रे, दीड-दीड ग्रेची १४ सिटिंग. शरीराचं एक छापील चित्र आहे, त्यावर कोणीतरी पेन्सिलीने फील्ड काढलंय, दोन्ही बाजूंची मान, मधली छाती, आणि फुप्फुसांवर शिशाचे ठोकळे ठेवले होते तिथे तिरप्या रेघा. चौदा दिवसांच्या चौदा सह्या. पाचव्या दिवसापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, "मुलगी रडत होती, आईला दाराशी उभे केले, मग दिले." मला तो दिवस आठवतच नव्हता, ते वाचलं आणि आईची हिरवी साडी आठवली दाराच्या काचेतून दिसणारी.

ते कार्ड घेऊन त्या तरुण डॉक्टरणीकडे गेले. लाल औषधाचा आकडा वाळवीतून वाचलेल्या पानावर सापडला. तिने सगळं एका पानावर टाईप करून दिलं, वर आजार आणि वर्ष, खाली औषधं, खाली ग्रे आणि फील्ड, आणि शेवटी काय काय किती दिवसांनी तपासायचं. एमआरआय आणि मॅमोग्राम झाले, काही नाही. इकोत एक झडप अगदी थोडी गळतीये, सध्या काही करायचं नाही, लक्ष ठेवायचं. थायरॉईडमध्ये ६ मिलिमीटरची गाठ आहे, सोनोग्राफी परत करायचीये. काळजी आहेच, पण कशाची करायची ते माहीत असलेली काळजी आहे, गेल्या वर्षीपेक्षा मी आता बरी झोपते.

निळी वही

ताई, अभिनंदन म्हणू की काय म्हणू. मी पण बाबांची वही स्कॅन केली आज. आणि डोकं दुखण्याबद्दल डॉक्टरांना विचारून आलो. डोक्याला लाईट घेतलेल्यांना वीस-तीस वर्षांनीही मेनिन्जिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ होऊ शकते, बहुतेक हळू वाढणारी असते. मला वाटलं दरवर्षी एमआरआय सांगतील, पण ते म्हणाले लक्षणं नसताना करायचाच असं नाही, दोघांनी बोलून ठरवू, मात्र नवीन प्रकारची डोकेदुखी, फिट, नजरेत फरक असं काही झालं तर त्याच आठवड्यात यायचं आणि आल्याआल्या पहिलं वाक्य १८ ग्रेचं सांगायचं.

कणाकणाने

आम्ही मुलाच्या हातात कागद दिला परवा. आत्तापर्यंत माझ्याच बॅगेत असायचा. त्याने पूर्ण वाचला, ५४ वर बोट ठेवून विचारलं हे जास्त आहे का. मी म्हटलं हो. मग म्हणाला मोबाईलमध्ये पण टाकून दे.

दातांच्या डॉक्टरांना पण दाखवा रे सगळ्यांनी. जबड्याला जास्त डोस गेला असेल तर दात काढल्यावर हाड भरत नाही, आधी सांगावं लागतं. आमच्याकडे मुळं आखूड राहिलीत दातांची, तेही एक्सरेत योगायोगानेच कळलं.

सावली

इको नॉर्मल!!! कार्डाचं काम चालू आहे, माझ्या हॉस्पिटलने १५ दिवसांनी बोलावलंय.

चिमणीची आई

आज दुसरं सिटिंग झालं. हलू नये म्हणून रोज भूल देतात, त्यामुळे सकाळपासून उपाशी ठेवावं लागतं, तेवढाच काय तो गोंधळ, प्रत्यक्ष लाईट दोन मिनिटांत संपते. पोटावर मार्करच्या रेघा आहेत, पुसू द्यायच्या नाहीत म्हणून अंघोळ नाही, नुसतं ओल्या फडक्याने. बाहुलीच्या पोटावर पण तिने तशाच रेघा काढून घेतल्यात माझ्याकडून.

मी पहिल्याच दिवशी कागद मागितला. त्यावर "उजवी फ्लँक, १०.८ ग्रे, ६ फ्रॅक्शन" असं लिहिलंय. एवढं पुरेल ना?

लिनॅकपाशी

आत्ता पुरेल. सहावं सिटिंग झालं की उपचार पूर्ण झाल्याची समरी मागा, कारण ठरवलेला डोस आणि प्रत्यक्षात दिलेला डोस कधीकधी वेगळा असतो. आणि सोबत प्लॅनची ती रंगीत रेघांची प्रिंट घ्या, डाव्या किडनीला आणि अंडाशयाला किती गेलं त्याचा तक्ता असतो त्यात. दोन प्रती काढा, एक तिच्या नावाच्या पाकिटात.